घरचा सर्व्हर सारखा मान टाकतो? नवं कार्ड आणण्याआधी हे तपासा

टीव्हीमागे किंवा राउटरशेजारी एक रास्पबेरी पाय (एका छोट्या बोर्डावरचा संगणक, पुढे नुसता 'पाय'), त्याला यूएसबीने जोडलेली हार्ड डिस्क, त्यावर फोटोंसाठी इमिच किंवा नेक्स्टक्लाउड, जोडीला जाहिराती अडवणारा पाय-होल, एखाद्याकडे घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळणारा होम असिस्टंट. असा संसार थाटलेल्या अनेकांना एकाच दुखण्याने गाठलेलं असतं. महिना-दोन महिने सगळं सुरळीत, मग एके दिवशी सर्व्हर गप्प. प्लग काढून लावला की चालू. आठवड्याने परत तेच. मग मेमरी कार्ड फॉरमॅट होतं, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकली जाते, डॉकरचे कंटेनर (प्रत्येक अॅपचा स्वतंत्र कप्पा) पुन्हा उभे राहतात आणि थोड्या दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

नातेवाइकांचे, मित्रांचे आणि मित्रांच्या मित्रांचे असे डबे माझ्याकडे सतत येत असतात. कार्ड खराब झालेलं असतं हे बहुतेक वेळा खरंच असतं. पण ते खराब करणारा दुसराच कुणीतरी असतो आणि तो बहुधा पाच व्होल्टच्या वायरीत बसलेला असतो. त्याला तसाच ठेवून कार्ड बदललं तर नवं कार्डही त्याच वाटेने जातं. म्हणून खालचा क्रम फुकटातल्या तपासण्यांपासून सुरू होतो आणि खर्चिक गोष्टींकडे जातो. उदाहरणं रास्पबेरी पाय ४ ची आहेत, पण ३ आणि ५ ला, किंबहुना कुठल्याही छोट्या बोर्डाला, बरंचसं लागू पडतं.

लक्षणं

आधी तुमचं दुखणं यातलं कुठलं ते ओळखा. दोन-तीन लक्षणं एकदम दिसणं नेहमीचंच आहे.

• पिंगला उत्तर येतं, पण एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करून) आत शिरता येत नाही. पासवर्ड दिला की पडदा तसाच थांबतो. पिंगला उत्तर द्यायला कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एकटा पुरेसा असतो, लॉगिनसाठी मात्र डिस्कवरून फाइली वाचाव्या लागतात. म्हणजे नेटवर्क ठीक आहे, अडकलंय ते कार्ड किंवा डिस्क.

• काहीही सेव्ह करायला गेलं की "रीड-ओन्ली फाइल सिस्टिम" असा संदेश. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये गंभीर चूक आढळली की पुढचं नुकसान टाळायला कर्नल स्वतःच लिहिणं बंद करतो.

• काल डिलीट केलेल्या फाइली रीस्टार्टनंतर परत हजर, बदललेली सेटिंग पुन्हा जुनी. हा भुताटकीचा प्रकार नाही. आयुष्य संपत आलेली काही कार्डं लिहिल्याचं नाटक करतात, "झालं" म्हणून सांगतात आणि प्रत्यक्षात काहीच साठवत नाहीत. असं दिसलं तर बाकीच्या तपासण्या नंतर करा, आधी त्या कार्डावरचा डेटा दुसरीकडे हलवा.

• अॅप चालू आहे, पण फोटो सगळे गायब. घाबरू नका, याचं एक साधं कारण खाली आहे.

• बाहेरची डिस्क मधूनच नाहीशी होते आणि थोड्या वेळाने वेगळ्या नावाने उगवते, एसडीएची एसडीबी झालेली.

• लाइट जाऊन आल्यावर सर्व्हर उठतच नाही. हिरवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबत असेल तर मोजा. ४ वेळा म्हणजे स्टार्टअपची फर्मवेअर फाइल सापडत नाही, ७ वेळा म्हणजे कर्नल सापडत नाही. दोन्हींत संशय कार्डावर. ८ वेळा म्हणजे बोर्डावरच्याच रॅमची गडबड, तिथे आपण काही करू शकत नाही.

काही उघडण्याआधी

सर्व्हर आत्ता चालू असेल आणि त्यावर असं काही असेल जे दुसरीकडे कुठेच नाही, तर आजची दुरुस्ती उद्यावर ढकला आणि आधी कॉपी काढा. लग्नाचे, मुलांच्या बारशाचे फोटो एकाच डिस्कवर ठेवून "माझं स्वतःचं क्लाउड आहे" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. डेटाबेस चालू असताना त्याचं फोल्डर नुसतं कॉपी करू नका. पोस्टग्रेस डेटाबेस असेल तर त्याचा डंप (सगळा मजकूर एका फाइलीत) काढा, नाहीतर कंटेनर थांबवून मग फोल्डर उचला. चालत्या डेटाबेसची कॉपी अर्धवट अवस्थेत निघते आणि ती निरुपयोगी आहे हे गरज पडल्यावरच कळतं.

१. वेळ बघा (फुकट)

सर्व्हर कधी पडतो? रात्री दोनला बॅकअप सुरू होतो तेव्हा? घरातले सगळे संध्याकाळी परतून त्यांचे फोन वायफायला लागले आणि दिवसभराचे फोटो वर चढायला लागले तेव्हा? की लाइट जाऊन आल्यावरच? हे टिपून ठेवा, फोनच्या नोट्समध्ये ठेवलं तरी चालेल. काम वाढलं की पडतो म्हणजे वीजपुरवठा किंवा उष्णता. वेळेचा काहीच मेळ लागत नसेल तर सैल जोडणी किंवा मरणपंथाला लागलेलं कार्ड. लाइटशीच संबंध दिसत असेल तर थेट सातव्या मुद्द्यावर गेलात तरी हरकत नाही, पण दुसरा करूनच जा.

२. बोर्डालाच विचारा (फुकट)

बी प्लसपासूनच्या पायवर, झीरो सोडून, व्होल्टेज कमी झाल्याचं ओळखणारं सर्किट असतं. पुरवठा ४.६३ व्होल्टच्या आसपास घसरला की ते कर्नलच्या लॉगमध्ये "अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड" अशी नोंद टाकतं. पाय ३ आणि ४ वर त्या क्षणी लाल दिवाही विझतो. सर्व्हर जड कामात असताना त्या दिव्याकडे दोन मिनिटं नुसतं बघत बसा. स्थिर जळायला हवा.

मग टर्मिनलमध्ये "व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड" (vcgencmd get_throttled) ही कमांड द्या. उत्तर ०एक्स० आलं तर सगळं ठीक. ०एक्स५०००० आलं तर रीस्टार्टनंतर कधीतरी व्होल्टेज घसरलं होतं आणि प्रोसेसरचा वेग उतरवावा लागला होता. शेवटीही ५ असेल, म्हणजे ०एक्स५०००५, तर हा प्रकार आत्ता या क्षणी चालू आहे.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. ही नोंद रीस्टार्ट झाला की पुसली जाते. सर्व्हर लटकला, प्लग काढून लावला आणि लगेच कमांड दिली तर उत्तर शून्यच येणार, आणि लोक म्हणतात "पॉवर तर ठीक आहे". आधी त्याला राबवा. मोठी फाइल डिस्कवर कॉपी करा, इमिचला थंबनेल नव्याने बनवायला लावा, आणि अर्ध्या तासाने विचारा.

सोबत "डीमेसेज" (dmesg), म्हणजे कर्नलचा लॉग, बघा. त्यात एमएमसी० च्या नावाने टाइमआउट असतील तर कार्डाकडे, "यूएसबी डिस्कनेक्ट" असेल तर बाहेरच्या डिस्ककडे बोट जातं. "आउट ऑफ मेमरी" दिसलं तर दुखणं वेगळंच आहे: रॅम कमी पडतेय. इमिचचं चेहरे ओळखणारं मशीन लर्निंग बंद करून बघा, २ जीबीच्या बोर्डावर ते झेपत नाही. फाइल सिस्टिम रीड-ओन्ली झाल्यावर लॉगलाही कार्डावर लिहिता येत नाही, त्यामुळे नेमकी महत्त्वाची ओळ रीस्टार्टनंतर सापडत नाही. सर्व्हर आजारी पण जिवंत असतानाच आत शिरून ती ओळ वाचायला हवी.

३. केबल आणि अॅडॅप्टर (शे-पाचशे ते हजारभर रुपये)

इथे जरा थांबतो, कारण बहुतेक सर्व्हर इथेच बरे होतात.

पाय ३ ला ५.१ व्होल्ट २.५ अँपिअरचा अॅडॅप्टर हवा, पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर, पाय ५ ला ५.१ व्होल्ट ५ अँपिअर. "माझा चार्जर ६५ वॅटचा आहे" असं सांगणारे भेटतात. ते पूर्ण ६५ वॅट २० व्होल्टवर मिळतात. पाच व्होल्टवर तोच चार्जर बहुधा ३ अँपिअरच देतो. पाय ४ साठी तेवढं चालून जाईल. पाय ५ मात्र ५ अँपिअर मिळत नाहीत हे ओळखून आपल्या सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरवर आणतो, आणि तेवढ्यात हार्ड डिस्क चालवणं कठीण. चार्जरवर छापलेल्या बारीक अक्षरांत "५व्ही" पुढे काय लिहिलंय तेवढंच वाचा, बाकी आकडे आपल्या कामाचे नाहीत.

अॅडॅप्टर चांगला असला तरी केबल घात करते. हिशेब करून बघा. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. वीज जाते आणि परत येते, म्हणजे एक मीटरच्या केबलमध्ये दोन मीटर तार, ०.४२ ओहम. पाय आणि डिस्क मिळून २ अँपिअर ओढत असतील तर ०.८४ व्होल्ट वाटेतच गेले. अॅडॅप्टरने ५.१ सोडले, बोर्डाला पोचले ४.२६. हीच केबल २० गेजची असती तर नुकसान ०.१३ व्होल्टवर थांबलं असतं. म्हणून फोन छान चार्ज करणारी केबल सर्व्हरला चालेलच असं नाही. फोनच्या आत बॅटरी असते, व्होल्टेज कमी आलं की तो सावकाश चार्ज होतो. बोर्डाला बॅटरी नाही; त्याला मिळालं नाही की तो पडला.

केबलच्या वेष्टनावर नखाने धूळ खरवडून बघा, बऱ्याचदा "२८एडब्ल्यूजी/१पी २४एडब्ल्यूजी/२सी" असं काहीतरी छापलेलं असतं. १पी ही डेटाची जोडी, २सी या विजेच्या दोन तारा. आपल्याला दुसरा आकडा हवा, आणि तो जितका लहान तितकी तार जाड. काहीच छापलेलं नसेल तर ती केबल सर्व्हरला लावू नका. लांबी कमीत कमी ठेवा. सगळ्यात बरा तो अॅडॅप्टर ज्याची वायर त्यालाच घट्ट जोडलेली असते. पायचा अधिकृत अॅडॅप्टर तसाच आहे.

सोलापूरला माझ्या मावसभावाकडे पाय ४ रोज संध्याकाळी लटकायचा. अॅडॅप्टर ३ अँपिअरचा, नवा, चांगल्या दर्जाचा. पण तो एक्स्टेंशन बोर्डात होता, बोर्ड दिवाणाखाली, आणि तिथून दोन मीटरची चपटी, रंगीत केबल टीव्हीच्या मागे गेलेली. मल्टिमीटर लावला तर डिस्क झोपलेली असताना ४.८८ व्होल्ट. फोनवरून एक व्हिडिओ अपलोड केला, डिस्कची घरघर सुरू झाली आणि आकडा ४.५ च्या खाली उतरला. लाल दिवा विझला, पेटला, पुन्हा विझला. अॅडॅप्टर टीव्हीमागच्या सॉकेटमध्ये आणला, केबल अर्ध्या मीटरची जाड लावली. त्याने तोवर नवं कार्ड मागवून ठेवलेलं होतं, ते नंतर कॅमेऱ्यात गेलं.

मल्टिमीटर वापरणार असाल तर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक जीपीआयओच्या (बोर्डावरच्या पिनांच्या रांगेतल्या) २ नंबरच्या पिनला आणि काळं टोक यूएसबी पोर्टच्या धातूच्या कवचाला. ४ आणि ६ नंबरच्या पिना अगदी शेजारी आहेत, एकीवर पाच व्होल्ट आणि दुसरीवर ग्राउंड. टोक घसरलं तर शॉर्ट. हात थरथरत असेल तर मोजू नका, दुसऱ्या मुद्द्यातली कमांड पुरेशी आहे. साध्या मीटरला क्षणार्धात येऊन गेलेली घसरण दिसतही नाही, बोर्डाला दिसते.

४. जागा आणि माउंट (फुकट, पण लोक इथे क्वचित बघतात)

"डीएफ -एच" (df -h), म्हणजे जागा किती भरली ते दाखवणारी कमांड, द्या. कार्ड १०० टक्के भरलेलं असेल तर डेटाबेस लिहू शकत नाही, लॉगिन अडतं, आणि वरून सगळं हार्डवेअर बिघडल्यासारखंच दिसतं. दोन नेहमीचे आरोपी. पहिला, डॉकरचे लॉग. डॉकर मुळात त्यांना मर्यादा घालत नाही. एखादा चिडका कंटेनर सेकंदाला दहा ओळी ओरडत राहिला की गिगाबाइटच्या गिगाबाइट भरतात. डॉकरच्या डीमन फाइलमध्ये मॅक्स-साइज १०एम आणि मॅक्स-फाइल ३ टाका. ही मर्यादा नव्याने बनवलेल्या कंटेनरनाच लागू होते, त्यामुळे जुने काढून पुन्हा उभे करावे लागतात.

दुसरा आरोपी जास्त फसवा. बाहेरची डिस्क एखाद्या फोल्डरवर माउंट केलेली असते, म्हणजे त्या फोल्डरमधून ती उघडते. एके दिवशी लाइट येते, डिस्क फिरायला वेळ लावते आणि माउंट होत नाही. ते फोल्डर मात्र कार्डावर असतंच, रिकामं. डॉकर उठतो, त्या रिकाम्या फोल्डरला डिस्क समजतो आणि नवे फोटो त्यातच लिहायला लागतो. जुने फोटो गायब, कार्ड भराभर भरतंय, आणि पुढच्या रीस्टार्टला डिस्क नीट माउंट झाली की जुने फोटो परत येतात आणि मधल्या दिवसांचे झाकले जातात. काहीही गेलेलं नसतं, एकावर एक पडलेलं असतं. डिस्क अनमाउंट करा, फोल्डरमध्ये काय साचलंय बघा आणि ते हलवा.

पुन्हा होऊ नये म्हणून तीन गोष्टी. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे माउंट करायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) एसडीए असं नाव न लिहिता यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा न बदलणारा ओळखक्रमांक, लिहा. नोफेल हा पर्याय टाका, नाहीतर डिस्क नसली की सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये अडकून बसतो आणि मॉनिटर जोडल्याशिवाय कळत नाही. आणि डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरवर "चॅटर +आय" (chattr +i) ही कमांड चालवा, म्हणजे डिस्क नसताना तिथे कुणालाच लिहिता येणार नाही. डॉकर तक्रार करेल, करू द्या.

५. उष्णता आणि घड्याळ

तापमान ८० अंशांवर गेलं की पाय वेग कमी करतो. त्याने सहसा सर्व्हर पडत नाही, नुसता मंद होतो. पण मे महिन्यात विदर्भात किंवा सोलापुरात बंद कपाटात ठेवलेला डबा वेगळा विषय आहे. हीट सिंक लावा, उघड्यावर ठेवा. झालं.

घड्याळाचं दुखणं मजेशीर आहे. पाय ४ ला बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. तो वेळ इंटरनेटवरून घेतो. लाइट आल्यावर पाय लवकर उठतो, राउटर आणि फायबरचा डबा उशिरा. तोवर पाय जुन्याच वेळेत. त्यात घराचं डीएनएसही (नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा) त्याच पायवर अनबाउंड या डीएनएस सर्व्हरसकट चालत असेल तर वेळ विचारायला सर्व्हरचा पत्ता हवा, पत्ता द्यायला डीएनएस हवं, आणि डीएनएसच्या सह्या तपासायला अचूक वेळ हवी. तिघंही एकमेकांची वाट बघत बसतात आणि घरभर ओरडा होतो की नेट बंद आहे. उपाय सोपा: खुद्द पायच्या डीएनएसमध्ये दुसरा पर्याय म्हणून राउटरचा पत्ता द्या, किंवा वेळेचा सर्व्हर नावाऐवजी आयपीने लिहा. पाय ५ ला घड्याळ आहे, फक्त त्याची छोटी बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

६. कार्ड आणि डिस्क

वरचं सगळं निस्तरल्यावरच इकडे या.

कार्ड काढून दुसऱ्या लिनक्स संगणकाला लावा आणि माउंट न करता एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवा. चालू सिस्टिमवर, माउंट असलेल्या पार्टिशनवर एफएससीके चालवणं म्हणजे नुकसान ओढवून घेणं. चुका दुरुस्त झाल्या आणि पुन्हा आल्या नाहीत तर कार्ड वाचलं. पुन्हा आल्या तर ते कार्ड फेकून द्या, त्यावर अजून वेळ घालवू नका. नवं कार्ड आणलं की वापरण्याआधी एफ३ या प्रोग्रामने ते पूर्ण भरून आणि वाचून बघा. १२८ जीबी छापलेली, आत १६ च असलेली बनावट कार्डं बाजारात आहेत. पहिले १६ जीबी ती सज्जनासारखी वागतात. सीसीटीव्ही किंवा डॅशकॅमसाठी विकतात ती "एंड्युरन्स" कार्डं थोडी महाग असली तरी तीच घ्या. सतत लिहिणं हेच त्यांचं काम असतं आणि आपल्या सर्व्हरचंही. होम असिस्टंटचा इतिहास एकटाच दर काही सेकंदांनी कार्डावर लिहीत असतो. त्याहून बरं म्हणजे पाय ४ किंवा ५ थेट यूएसबीच्या एसएसडीवरून बूट करा. कार्डाची कटकटच मिटते.

बाहेरच्या डिस्ककडे वळू. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. अडीच इंची हार्ड डिस्क फिरायला सुरुवात करताना एकटीच जवळपास १ अँपिअर ओढू शकते. दोन डिस्का लावल्या असतील तर त्यांना स्वतंत्र अॅडॅप्टर असलेला यूएसबी हब हवाच. साडेतीन इंचीला तिचा स्वतःचा १२ व्होल्टचा अॅडॅप्टर असतो, ती या बाबतीत बिनघोर.

वीज पुरेशी असूनही डिस्क गायब होत असेल तर तिच्या डब्यातली साटा-यूएसबी चिप बघा. काही चिपांचं यूएएस या वेगवान पद्धतीशी पटत नाही. एलएसयूएसबी या कमांडने चिपचे दोन कोड मिळतात. ते बूट पार्टिशनवरच्या सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स या पर्यायापुढे लिहून शेवटी यू जोडायचा. ती फाइल सगळी एकाच ओळीत असते. मध्ये एंटर मारलात तर सर्व्हर उठणार नाही. वेग थोडा कमी होतो, डिस्क मात्र टिकून राहते.

आणि स्मार्टसीटीएल या कमांडने डिस्कची तब्येत विचारा. ५, १९७ आणि १९८ या तीन ओळी बघायच्या. तिन्ही शून्य असतील तर उत्तम. १९७ म्हणजे वाचता न येणाऱ्या, निर्णयाची वाट बघणाऱ्या जागा. हा आकडा आठवड्या-आठवड्याला वाढत असेल तर डिस्क निघाली आहे.

७. लाइट जाणं-येणं

लिहिता लिहिता वीज गेली तर कार्डाच्या आतला छोटा कंट्रोलर अर्धवट राहतो, आणि त्या वेळी तो दुसऱ्याच फाइलींची जागा हलवत असेल तर ज्यांना तुम्ही महिनोन् महिने हात लावला नाही त्याही फाइली बिघडतात. जर्नलिंग फाइल सिस्टिमला याचा पत्ता लागत नाही.

घरी इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस आणि इको (कुठे नॉर्मल) असं बटण असतं. इकोवर असेल तर लाइटवरून बॅटरीवर जायला कित्येक मिलिसेकंद लागतात. पंख्याला कळतही नाही, पण छोट्या अॅडॅप्टरच्या कपॅसिटरमध्ये तेवढा दम नसतो. यूपीएसवर केलं की हा खंड बराच कमी होतो. बटण फिरवायला पैसे पडत नाहीत; आधी ते करा, मग मेन बंद-चालू करून लाल दिव्याकडे बघा.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळतो तसला डीसी मिनी यूपीएस घेता येतो, पण त्याच्या पाच व्होल्टच्या तोंडाला ३ अँपिअर मिळतात का ते बघून घ्या. पॉवर बँक मध्ये जोडण्याची आयडिया सगळ्यांनाच सुचते. बऱ्याच पॉवर बँका मेन गेली-आली की बाहेरचा पुरवठा क्षणभर तोडतात, म्हणजे आपण टाळायला निघालो तेच होतं.

जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरणाऱ्यांना यूपीएस फुकटातच मिळालेला असतो. त्यांनी दर महिन्याला लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून तो डुगडुगतो का बघावं. डुगडुगला, टचपॅड वर आला, तर बॅटरी फुगली आहे.

इथे हात थांबवा

फुगलेली लिथियम बॅटरी: चार्जिंग काढा, मशीन बंद करा, टोचू-दाबू नका, स्वतः उचकटू नका. सर्व्हिस सेंटरला न्या. मिनी यूपीएसच्या आतल्या सेललाही हेच लागू.

घरातल्या एका खोलीचे दिवे अचानक प्रखर आणि दुसऱ्या खोलीचे मंद होत असतील, किंवा अॅडॅप्टर एकामागोमाग एक जळत असतील: न्यूट्रल सुटला असण्याची दाट शक्यता. थ्री फेज घरात न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी तीनशेच्या वर व्होल्ट येऊ शकतात. मेन स्विच पाडा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. स्पाइक गार्ड यावर उपाय नाही.

डिस्कच्या धातूच्या डब्याला हात लावल्यावर मुंग्या येतात ही तक्रारही नेहमीची. दोन पिनांच्या अॅडॅप्टरमधून थोडी गळती होतच असते, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. पण फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर यांनाही मुंग्या येत असतील तर घराचं अर्थिंग गेलंय. नळाच्या पाइपला वायर बांधून अर्थिंग करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वरच्या मजल्यावरचा माणूस आंघोळ करत असतो. हे वायरमनचंच काम आहे, आणि तो आलाच आहे तर आरसीसीबीही (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) तपासून घ्या.

अॅडॅप्टर उघडून कपॅसिटर बदलायच्या भानगडीत पडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात.

डिस्क टकटक आवाज करत असेल आणि तिच्यावरच्या डेटाची दुसरी प्रत नसेल: लगेच वीज काढा. एफएससीके नको, पुन्हा पुन्हा लावून बघणं नको, फ्रीजरमध्ये ठेवणं तर नकोच. डोकं पृष्ठभागाला घासत असेल तर प्रत्येक फिरकीला डेटा खरवडला जातो. आवाज नाही, नुसत्या वाचण्याच्या चुका येतात, तर डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रतिमा (डिस्कची हुबेहूब प्रत) काढायचा एक प्रयत्न घरी करता येईल, आणि मग दुरुस्ती जी काय ती त्या प्रतिमेवर. टकटकणारी डिस्क मात्र स्वच्छ खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडेच जाऊ द्या. आधी लेखी अंदाज घ्या, डेटा मिळाला नाही तर किती घेणार ते विचारा, आणि तुम्ही आतापर्यंत तिच्यावर काय काय चालवलंत ते न लपवता सांगा. त्यावरून ते पहिलं पाऊल कुठलं टाकायचं ते ठरवतात.